आज आमच्या भजनात पखवाज वाजलाच नाही

मंडळी, सकाळी जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या इंदुरी गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो आणि टेकबहादूर पखवाज. तो मूळचा नेपाळचा, जवळच्या तळेगावात एका हॉटेलात आचारी आहे. त्याच्या मुली इथल्याच शाळेत शिकतात. पखवाज त्याला आमच्या मंडळातल्या थोरल्या आबांनी शिकवला.

आज स्पर्धेसाठी सराव होता. दोघा-तिघांनी अचानक विषय काढला, "गावाच्या नावानं उतरायचं तर वाजवणारा गावचाच पाहिजे. बाहेरच्या देशाचा माणूस कशाला?"

आबा भडकले. "आरं, माज्या हाताखाली शिकलाय त्यो! आजून कसा गावचा व्हायचा?"

मीही मध्ये पडलो, पण ऐकतो कोण? शेवटी टेकबहादूरनेच पखवाज कापडात गुंडाळून ठेवला. "माज्यामुळं भांडू नका, भाऊ," एवढं बोलून तो निघून गेला. आम्ही भजन सुरू केलं खरं, पण पहिल्याच अभंगानंतर आबाही उठून घरी गेले.

दुपारी त्याच्या खोलीवर जाऊन परत ये म्हणून मी त्याला खूप विनवलं. त्याने चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, "तिकडं गेलो की भाऊबंद मला इंडियावाला म्हणत्यात. हितं मी नेपाळी. मग मी कुटला, भाऊ?"

चहा संपवून तसाच परत आलो.

तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?