मास्साबच्या पाकिटातली एक ओळ

भूतबित मी मानत नाही. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मिलच्या पाळ्या करून बाबांनी मला बी.ए. केलं. बाबांचं म्हणणं, ज्याला इंग्रजीत अर्ज लिहिता येतो त्याला भूत धरत नाही. तरी हे लिहितोय... कारण तीस वर्षं झाली, उत्तर सापडलेलं नाही.

नव्वदीची सुरुवात. इंदूरच्या मिलचे भोंगे एकेक करून बंद पडत होते. मी तेव्हा एका हिंदी दैनिकात सब-एडिटर. आमच्याकडे एक रीत होती — शहरातला मोठा पत्रकार किंवा नेता थकला, की त्याचा जीवनपरिचय आधीच लिहून पाकिटात ठेवायचा. माणूस गेला की फक्त तारीख टाकायची. त्या पाकिटांच्या कपाटाची एकच किल्ली, ती माझ्याकडे. अभिमान होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

मास्साब म्हणजे आधी शाळामास्तर, मग मजुरांच्या पाक्षिकाचे संपादक, मग आमदार. मजकुरात खोटं काही दिसलं की निळ्या पेन्सिलीने दोन रेघा मारायचे, शेवटी गळासारखा खाली वळलेला छोटासा आकडा. जुन्या लोकांना ती खूण पाठ होती. आता त्यांना लकवा मारलेला. चार महिने हॉस्पिटलात, ना हात हलत, ना जीभ.

त्यांच्या परिचयात मी शेवटचं वाक्य टाकलं — "मिल फिर चलेगी, इस विश्वास पर वे अंत तक अडिग रहे."

आठवड्याने पान काढलं, तर नेमक्या त्या वाक्यावर निळ्या दोन रेघा. शेवटी आकडा.

वाटलं, कुणीतरी मजाक केली. पान नवीन टाईप केलं. पुन्हा रेघा. तिसऱ्यांदा कोरं टाईप केलेलं पान घालून पाकीट डिंकाने चिकटवलं, जोडावर सही केली. चार दिवसांनी, भर दुपारी, सगळ्यांसमोर उघडलं. सही शाबूत. आत रेघा.

"क्यों भिया," आमचे न्यूज एडिटर पंडितजी म्हणाले, "मास्साब खुद आ रिये हैं क्या प्रूफ देखने?"

कुणी हसलं नाही.

इकडे घरी वेगळंच चाललेलं. बाबांची मिल बंद होऊन वर्ष झालं होतं, तरी पाळीच्या टायमाला डबा घेऊन ते बंद गेटवर जाऊन बसत. मास्साब भर सभेत बोलले होते ना — मिल चलेगी! मामांनी इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कारखान्यात बाबांसाठी जागा बोलून ठेवलेली. सोमवारपर्यंत हो म्हणायचं होतं.

"अन् मंगळवारी मिल चालू झाली तर?" बाबा म्हणाले. "माझ्या मशीनवर दुसरा कोणी उभा राहील ना रे."

शनिवारी मी हॉस्पिटलात गेलो. मास्साबच्या कानाशी वाकून विचारलं, "मास्साब, मिल चलेगी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्यातून पाणी निघालं, पार उशीपर्यंत. नर्स म्हणाली, लकव्यात असं आपोआप पण येतं. मी काय समजायचं?

रविवारी सकाळी मास्साब गेले. पंडितजींना म्हटलं, ही ओळ नका छापू.

"सबूत क्या है तेरे पास? दो लकीर?" ते भडकले. "बाहर मजूर रो रिये हैं, और तू उनकी उम्मीद काट रिया है?"

तारीख मीच टाकली. ओळ छापली गेली.

सोमवारी बाबांनी पेपर तीनदा वाचला. "बघ, अंत तक म्हणतात! तुझ्याच पेपरात आलंय." कात्रण कापून त्यांनी डब्याच्या पिशवीत ठेवलं अन् निघाले. मी दारात उभा. थांबवायला हवं होतं... पण काय सांगणार, बंद पाकिटात रेघा उमटतात म्हणून? अन् वाक्य तर माझंच होतं.

राऊची जागा त्याच संध्याकाळी दुसऱ्याला गेली. मिल कधीच चालू झाली नाही. बाबा पुढची सात वर्षं, शेवटच्या आजारापर्यंत, गेटवर जात राहिले.

ते गेल्यावर पिशवी उघडली. डबा घासून ठेवलेला. खाली कात्रण, पिवळं पडलेलं. शेवटच्या वाक्यावर निळ्या दोन रेघा, शेवटी तोच आकडा.

आमच्या घरात निळी पेन्सिल कधीच नव्हती. कधी वाटतं, बाबांनीच कुठून तरी आणून मारल्या असतील. पण मग... ओळ खोटी आहे हे कळूनही ते रोज डबा भरून घेत होते?

रेघा आपोआप उमटल्या याला, की बाबांना सगळं कळलं होतं याला — दोन्हींपैकी कशाला जास्त घाबरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.