सुचवणाऱ्याचे नाव निवडा

माझ्या कल्पनेला टाळ्या पडल्या आणि पाठोपाठ साहेब म्हणाले, "आता सुचवणाऱ्याचं नाव निवडा."

चाकणच्या कंपनीतला मीटिंग हॉल. भिंतीवर मोठ्या पडद्यावर मी बनवलेला फॉर्म. कामगारांनी कामातल्या सुधारणा सुचवायच्या, त्यासाठीचा. पहिली नोंद माझ्याच कल्पनेची. मी ऐटीत बाण दाबला. यादी सरसर खाली उतरली. वरून खाली गेलो, खालून वर आलो. माझं नाव नाही. निखिल मात्र होता. ठसठशीत.

"अरे हो, तुम्ही काँट्रॅक्टवर ना," साहेब म्हणाले. "मग निखिलचं टाका. डिपार्टमेंट एकच आहे."

"चालेल सर," निखिल म्हणाला.

चालेल! जणू कुणी त्याला चहा विचारला होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "काका, खाली 'इतर' पण आहे की!" हॉल खदाखदा हसला.

निखिलवर मी जळायचो. मनापासून, चवीनं. माझ्याहून कितीतरी लहान पोरगा. त्याच्या गळ्यात ओळखपत्राची कायमवाल्यांची निळी पट्टी, माझ्या गळ्यात काँट्रॅक्टवाल्यांची पिवळी. तो कंपनीच्या बसमध्ये झोपा काढत येणार, मी दिघीहून बस बदलत लोंबकळत. त्याची खुर्ची मागे कलते; माझी कलली तर मी जमिनीवर. ही असूया मी वर्षानुवर्षं लोणच्यासारखी मुरवली होती. पण आता माझ्या कल्पनेवर त्याचं नाव?

आणि कल्पना तरी कसली! याद्यांचीच. पूर्वी कंपनीच्या वेबसाइटच्या प्रत्येक पानात यादीतले पर्याय हातानं लिहिलेले असायचे. काही बदललं की पान न् पान धुंडाळा. मी म्हटलं, सर्व्हरवर एक टॅग, म्हणजे छोटीशी आज्ञा, ठेवू. तो तक्त्यातून नावं उचलेल, एकेकाचा पर्याय बनवेल, तयार यादी पानात धाडेल. नावांचा तक्ता साहेबांनी दिला. मी तो न तपासताच जोडला. फक्त कायम कामगारांचा निघाला.

मी माऊसवरून हात काढला. "नाही दाबणार."

"अहो, साधा ड्रॉपडाऊन आहे."

"साधा आहे ना? मग निखिलला म्हणा, तू हो 'इतर'."



साहेब जवळ आले, आवाज खाली आणला. "राव, टॅगच्या वर तुमचं एकट्याचं नाव हातानं टाइप करा. विषय मिटवा."

केलं. खोटं कशाला बोलू, लगेच केलं. पान पुन्हा उघडलं. सगळ्यांत वर मी. निखिल कुठेतरी खाली, गर्दीत. काय सांगू, जीव थंडावला.

तेवढ्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शकुंतलाबाई बोलल्या. पेंट शॉपमध्ये रंगकाम करणाऱ्या. पट्टी पिवळीच. त्यांनाही सुधारणा सांगायला बोलावलं होतं.

"दादा, माजं कुठं हाय?"

मी पडद्याकडे पाहिलं. माझं नाव टॅगच्या बाहेर होतं. मेहेरबानीनं चिकटवलेलं. कुणीही एक ओळ पुसली की मी गायब. इतकी वर्षं मला निखिलच्या खुर्चीत बसायचं होतं. खुर्च्या मांडतं कोण, हे कधी विचारलंच नव्हतं.

मी माझं नाव पुसलं. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, "काँट्रॅक्टवाल्यांचा तक्ता जोडा. सगळ्यांचा. तोवर हा फॉर्म मी सुरू करणार नाही."

"तुमचं काँट्रॅक्ट या महिन्यात संपतंय," साहेब म्हणाले.

"माहीत आहे."

आता ते काम निखिलकडे दिलंय. त्याच्यावर मी आजही जळतो, लपवत नाही. त्यानं फॉर्म आहे तसा सुरू केला, तर मी गेटबाहेर उभा राहीन. काँट्रॅक्ट असो वा नसो. आत जाणाऱ्या प्रत्येक पिवळ्या पट्टीला थांबवून सांगेन, एक अक्षर भरू नका. यांना आमची डोकी लागत असतील, तर आमची नावंही लागतील.