भात्यामागची मनुबाई

मेथीची जुडी अर्धीच निवडून झाली होती. मनुबाईंनी ती तशीच बाजूला सारली आणि सुनेला विचारलं, "स्वप्नाली, उद्या दांडा मारशील का गं? एकाच गीतापुरता."

साताऱ्यातल्या त्यांच्या दगडी चर्चात जुना ऑर्गन आहे, नळ्या पार छतापर्यंत गेलेल्या. गोऱ्या साहेबांनी बसवला तसाच तो राहिला, मोटर काही लावली नाही. मागच्या कोंदट कोनाड्यात उभं राहून लाकडी दांडा वरखाली करायचा, भात्यात वारा भरायचा, तेव्हा पुढं रविराज सरांच्या बोटांखाली तो बोलतो. लग्न होऊन आल्यापासून तो वारा मनुबाईच भरत आल्या.

पण भात्यापाशी उभ्या माणसाला गाणं कसलं ऐकू येणार? कानात सगळा भात्याचाच फुसफुसाट. गाणं ऐकायचे त्यांचे मालक, भाऊसो. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस. तिसऱ्या बाकावर बसायचे आणि घरी जेवताना सांगायचे. आज म्हणं धरणाचं पाणी सोडल्यागत वाजला. कधी म्हणायचे, शेवटच्या कडव्याला भरल्या उसातनं वारं गेलं. मनुबाई म्हणायच्या, "जेवा आवं, भाकरी गार व्हतीया."

दोन वर्षांमागं प्रभूनं भाऊसोंना बोलावून घेतलं, आणि रविवारच्या ताटाशी सांगणारं कुणी उरलं नाही. लेकानं मोबाइलवर गीत भरून आणलं, तर ते पलीकडच्या आळीतल्या वरातीसारखं वाजलं. मनुबाईंना भाऊसोंनी ऐकलेलं ऐकायचं होतं. एकदाच.

रविवारी त्यांनी स्वप्नालीला दोरीला टांगलेला शिशाचा गोळा दाखवला. तो वर चढायला लागला की वारा सरत आला, हे समजावलं आणि तिसऱ्या बाकावर, भाऊसोंच्या जागेशेजारी येऊन बसल्या.

पहिलं कडवं सुरू झालं तसा बसल्या जागी बाक थरथरला. मनुबाईंचे डोळे भरले. धरणाचं पाणी, व्हय, धरणाचंच पाणी.

पण स्वप्नालीचा हात भजनातल्या टाळावर तयार झालेला. कडवं संपलं तसा हातही थांबला. दुसऱ्या कडव्याला सरांनी बोटं ठेवली, आणि ऑर्गन बैलानं मान टाकावी तसा कण्हत बसला. सगळे मागं बघायला लागले. मनुबाई अर्ध्या उठल्या. मग बाकाची कड घट्ट धरून खाली बसल्या. प्रभू, एवढं एकच पुरं ऐकू दे.

वारा आला, पण टाळाच्या ठेक्यावर, हिसके देत. तेव्हा मनुबाईंना कळून चुकलं. भाऊसो ऐकायचे तो वारा त्यांच्याच हातचा होता. दांड्याशी त्या असल्या तरच तो वाजणार, आणि दांड्याशी असल्या की त्यांना तो ऐकू येणार नाही.

गीत हळू झालं तशी पुढं बसून त्यांना आणखी एक गोष्ट ऐकू आली. दांडा कुरकुरत होता. ती कुरकुर मागच्या कोनाड्यातच राहते असं त्या धरून चालल्या होत्या. इथं तर साफ ऐकू येत होती, आणि भाऊसोंनी जेवताना ती एकदाही बोलून दाखवली नव्हती.

स्वप्नाली पदरानं घाम पुसत आली. "आत्या, मी सगळं बिघडवलं का?"

"न्हाई गं. लय दिवसांनी बसले मी ह्यांच्या बाकावर."

उपासना सुटल्यावर सुनेला घरी धाडून मनुबाई राजवाड्याकडं निघाल्या, सायकलवाल्याकडून दांड्यासाठी वंगण आणायला.