टाकीच्या झाकणाचं भोक

घुग्घुसमध्ये पांढरा शर्ट घालणारा माणूस एक तर गावात नवा असतो, नाही तर हट्टी. नानाजी पिदूरकरांचा हट्ट शर्टावर भागणारा नव्हता. कोळशाची धूळ जिथे दारातल्या तुळशीलाही सोडत नाही, त्या गावात त्यांनी चौसष्ट सालची दुधी पांढरी फियाट पाळली होती. खाणीच्या स्टोअरमधून रिटायर झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. हे गाडीखाली जाऊन झोपत. सकाळी गाडी पुसायची, दुपारी पुन्हा पुसायची. त्यांच्या बायकोने, चंदाबाईंनी, भांडण सोडून शेवटी बॉनेटवर कुरड्या वाळत घालायला सुरुवात केली. घरात तेवढी स्वच्छ जागा दुसरी नाही, असं त्या आल्यागेल्याला सांगत.

पण गाडी एकट्या नानाजींच्या जिवावर चालत नव्हती. दर रविवारी इसरू कन्नाके यायचा. खाणीत डंपर चालवून तोही घरी बसला होता. दोघांपैकी मेकॅनिक कुणीच नव्हता. जे शिकले ते गाडी बिघडवून शिकले. एकदा कार्बोरेटर खोलून जोडला तर एक स्प्रिंग उरली. इसरूने ती गुपचूप खिशात घातली, आणि गाडी आधीपेक्षा बरी चालली म्हणून नानाजींनीही काही विचारलं नाही. डंपरच्या स्टेअरिंगने इसरूच्या हातांना बारीक कंप दिला होता. नाजूक काम आलं की तो कोपर मडगार्डवर टेकवायचा, मग हात स्थिर व्हायचे. नानाजींना ते दिसायचं. दोघं त्यावर कधी बोलले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात इसरूच्या भाचीचं, दिव्यानीचं लग्न निघालं. मुलगी गोंडपिपरीकडची, सासर आरमोरीचं. नवरानवरी फियाटीतून जातील, असं नानाजींनी आपणहून जाहीर केलं आणि महिनाभर आधीपासून दोघं कामाला लागले. प्लग बदलले, पॉइंट घासले. पेट्रोल ओढणारा पंप इसरूने खोलून साफ केला आणि त्यातला फाटका रबरी पडदा नवा कापून बसवला. तो पंप जोडून झाल्यावर नानाजींनीच त्याची पाठ थोपटली होती.

लग्नाच्या दिवशी गोंडपिपरीला टाकी काठोकाठ भरली. गाडीला झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर नवरानवरी, पुढे इसरू आणि स्टेअरिंगवर नानाजी. मागून वऱ्हाडाची बस आणि जीपगाड्या. गडचिरोलीच्या अलीकडे फियाटीने आचके दिले आणि ती थांबली. गरमीने पंप बसला, असं सगळ्यांचं मत पडलं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांना हे होतंच, आणि त्याचा उपाय इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. कुणी डोक्याचा दुपट्टा सोडला, पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, पुढे जाऊन पुन्हा बंद पडली. पुन्हा दुपट्टा, पुन्हा तेच. फियाटीलाच माहेर सोडवत नाही, असं वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं आणि बसच्या खिडक्यांमधून हसू फुटलं.

नानाजींनी महिनाभर मारलेल्या बढाया त्यांच्याच अंगावर आल्या. घाम पुसत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"पंप इसरूच्या हाती द्यायलेच नाई पायजे होता. हात थरथरतेत त्याचे. मले माहीत होतं."

नवरानवरीला जीपमध्ये बसवून वऱ्हाड पुढे गेलं. इसरू ओला दुपट्टा धरून रस्त्याच्या कडेला उभा होता. परतीच्या वाटेवर तो दुपट्टा तोंडावर ओढून बसला, आणि नानाजींना वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही नाही. फुगला असेल, येईल आपोआप, म्हणून नानाजींनीही पाय उचलला नाही. नागपूरहून नवा पंप आणून बसवला. गाडी घुग्घुसच्या गल्ल्यांमधून छान पळू लागली, म्हणजे दोष पंपाचाच होता हे त्यांच्यापुरतं सिद्ध झालं. मधे एकदा इसरूची बायको, मंगली, बाजारात भेटली. इसरू आता मोटरसायकललाही हात लावत नाही, म्हणाली. दाढीसुद्धा न्हाव्याकडे करतो. हात गेले म्हणतो. नानाजींनी ऐकून घेतलं, तब्येतीला जपायला सांग म्हणाले आणि वांगी घेऊन घरी आले.

यंदा ऐन थंडीत त्यांना गोंडपिपरीला जायचं होतं. टाकी भरून एकटेच निघाले. अर्ध्या वाटेत गाडीने आचके दिले. अगदी तेच, ओळखीचे आचके. पण या वेळी हवेत गारठा होता आणि पंप नवा होता. पेट्रोल गळून गेलं की काय, हे पाहायला त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने जोरात हवा ओढली. तो आवाज ऐकला आणि नानाजींनी हातातलं झाकण उलटसुलट करून पाहिलं.

झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल जाईल तशी त्यातून हवा टाकीत येते. हवा नाही आली तर पंपाने कितीही जोर केला तरी पेट्रोल वर चढत नाही. गावातल्या गावात हे कळून येत नाही, हवा कुठून ना कुठून झिरपते. भरल्या टाकीने लांब निघालं की गाडीचा दम कोंडतो. आणि ते भोक नानाजींनी स्वतः बुजवलं होतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात, कोळशाची धूळ पेट्रोलमध्ये जाऊ नये म्हणून, एम-सील भरून आणि वरून घासून गुळगुळीत करून. धुळीशी आयुष्यभर भांडलेल्या माणसालाच असली अक्कल सुचावी.

झाकण सैल ठेवून ते तसेच माघारी आले. चंदाबाईंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "मंग इसरूभाऊले कधी सांगता?" यावर नानाजींनी दिवसच्या दिवस काढले. नुसतं भेटून यावं, पंपाचा विषय काढूच नये. नाही तर म्हणावं, दोष पंपाचाही नव्हता आणि कुणाचाच नव्हता. अशा पळवाटा काढत असताना त्यांची त्यांनाच किळस आली. मडगार्डवर टेकवलेलं इसरूचं कोपर डोळ्यांसमोरून हलेना. त्याची एकच गोष्ट झाकून ठेवण्यासारखी होती, आणि तीच आपण भर रस्त्यात उघडी केली. तीही आपली लाज राखायला, आणि चूक तर आपलीच होती.

शेवटी गेले. इसरू अंगणात बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. नानाजींनी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. इसरूने मान खाली घालून ऐकलं.

"मले इथी सांगून काय होते भाऊ?" तो म्हणाला. "जिथी बोलले, तिथी सांगा."

दुसऱ्या दिवशी दोघं फियाटीतून आरमोरीला गेले. भोक मोकळं केल्यावर गाडी कुठेही अडली नाही, आणि त्याचंच नानाजींना वाईट वाटत राहिलं. दिव्यानीचे सासरे मुखरू मडावी छपरीत बसले होते. धान निघाल्याचे दिवस, घरात चार माणसं जास्तीचीच होती. मामा आला म्हणून दिव्यानी धावत आली, चहा झाला. नानाजी उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. त्या दिवशी गाडी माझ्या चुकीने बंद पडली. भोक मी बुजवलं होतं. इसरूचा पंप चांगला होता, त्याचे हात चांगले होते.

मुखरू त्यांच्याकडे बघत राहिले. असं कधी बोलणं झालं होतं, हेच त्यांना आठवेना. गाडी बंद पडली होती खरी, पण पंप कुणी केला आणि हात कुणाचे, हे वरातीत कोण ध्यानात ठेवतं? बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी तर रडून राह्यली होती, मले काईच ऐकू नाई आलं, दिव्यानी म्हणाली. सगळे मनमोकळं हसले.

नानाजींच्या छातीवरचा दगड उतरला. दोन वर्षं आपण उगाच मोठं करून ठेवलं, असंही क्षणभर वाटून गेलं. त्या हलकेपणात ते इसरूकडे वळून म्हणाले, "पाह्य, कोनालेच आठवत नाई. तूच काऊन धरून बसला?"

इसरूचा चहा तसाच होता. कपाला त्याने हात लावला नव्हता, आणि आता लावला तर सांडेल हे नानाजींना इतक्या लांबून दिसत होतं. कंप पूर्वी बारीक होता. आता मांडीवर ठेवलेले दोन्ही हात हलत होते.

"हे लोकं बोलले असते तं मी मनावर घेतलं नसतं," इसरू म्हणाला. "तुमी बोलले भाऊ. म्हनून मी खरं मानलं."