स्पीडब्रेकर आला की उतरायचं

आमच्या दारात धूळ खात उभी असलेली गाडी परदेशात तयार होऊन जहाजाने आली होती. एका बड्या कंपनीचं सगळ्यात खालचं मॉडेल, म्हणजे श्रीमंतीची पहिली पायरी. आधी ती चाकणच्या एका परदेशी साहेबाकडे होती, मग पिंपरीतल्या एका डॉक्टरकडे. दोघांचं मन भरल्यावर आमच्या गळ्यात पडली. वडिलांनी हौसेने घेतली. जन्मभर कंपनीच्या बसने गेलेला माणूस. तिला कधी गाडी म्हणाले नाहीत. "इंपोर्टेड काढ," एवढंच.

काढायचो मी. चाकणला शिफ्ट करून जीव अर्धा व्हायचा, त्यात सुट्टीच्या दिवशी हिची ड्रायव्हरकी. गाडी बसकी आणि आमच्या तळवड्याच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर मात्र उंटाच्या पाठीसारखे. भरली गाडी नेली की पोट घासायचं. मग शिस्तच पडली. स्पीडब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं, मी रिकामी गाडी तिरकी करून पलीकडे न्यायची, पुन्हा सगळ्यांनी चढायचं. सगळ्यात आधी उतरायचे वडील, मालक असून. आई म्हणायची, पायी गेलो असतो तर एव्हाना परतही आलो असतो. मला तर नुसता वैताग आला होता, राव.

गेल्या वर्षी लकव्याने वडिलांची एक बाजू गेली. हॉस्पिटलमधून घरी सोडताना अँब्युलन्स मिळत होती, पण यांचा एकच हट्ट, इंपोर्टेडच आण. दोघातिघांनी उचलून मागे बसवलं. शेजारी आई, डिकीत व्हीलचेअर.

मोठ्या रस्त्याने आलो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिला स्पीडब्रेकर आला. मी सवयीने ब्रेक दाबला. आरशात पाहतो तर त्यांचा चांगला हात दाराकडे निघालेला. उतरायला!

"बसा, आप्पा," म्हणालो आणि गाडी सरळ घातली.

खालून असा आवाज आला की आईने डोळेच मिटले. इंजिनाखालची ऑइलची टाकी फुटली हे मला कळलं. सगळं आयुष्य मशीनवर काढलेल्या त्यांनाही कळलंच असणार. हे मॉडेल कधीच बंद झालंय, पार्ट कुठून आणणार? कशीबशी दारापर्यंत आणली. मागे रस्त्यावर काळी रेघ उमटली होती. तेव्हापासून ती तिथेच उभी आहे.

शेजारच्या काकू तब्येत विचारायला आल्या. वडिलांची जीभ जड झाली होती, तरी त्यांनी एकेक शब्द नीट लावून सांगितलं.

"आज बसूनच आलो."