नाकाची सावली

समजा, तुम्हाला एकाच माणसाचा फोटो काढायचाय. एकदा नाही, दर शनिवारी, अख्खं सत्र. खुर्ची तीच, दिवा तोच, कॅमेरा तिथंच. दिवा केसभरही हलता कामा नये, कारण तो हलला नाही तरच चेहऱ्यात काय बदलतं ते दिसतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या, स्टँड त्यावर ठेवायचा आणि बटण दाबायचं.

फौजदारलाही तसंच वाटलं होतं.

फौजदार म्हणजे फोटोग्राफीच्या वर्गातली एक मुलगी. लेन्स पुसायचं फडकं हरवलं तरी ती अख्ख्या वर्गाची जबानी घ्यायची, म्हणून हे नाव. समोर बसायला तिनं वडिलांनाच राजी केलं होतं. ते शाळेची बस चालवायचे. शनिवारी पोरांना घरी सोडलं की गणवेशातच स्टुडिओत यायचे आणि विचारायचे, "बोला, कुठं बघू?"

सत्र संपताना सर एकाच विद्यार्थ्याला आपल्या स्टुडिओत मदतनीस म्हणून घेणार होते. शर्यतीत दोघंच उरले होते, ती आणि लंबू. आणि सरावाचा स्टुडिओ दोघांत एकच.

एके दिवशी सरांनी तिचे फोटो टेबलावर ओळीनं मांडले.

"दिवा वडिलांच्या उजवीकडे, वरून. म्हणजे डाव्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण पडायला हवा. पहिल्या फोटोत आहे. मग बारीक झाला. आणि इथं?" त्यांनी शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. "नाकाच्या सावलीनं गाल गिळलाय. दिवा हलतोय तुझा."

"मी खुणेवरच ठेवते, सर."

"मग भुतं हलवत असतील. सोमवारी शेवटचा फोटो बघून ठरवतो. लंबूचं काम तयार आहे."

भुतं कशाला? पाणी कुठं मुरतंय ते फौजदारला तिथंच कळलं. बाहेर येऊन तिनं लंबूला जिन्यात गाठलं.

"माझ्या दिव्याला हात लावतोस?"

"तुझ्या दिव्याला? बाई, तुझ्या सावलीलासुद्धा मी वळसा घालून जातो."

"दात काढू नकोस."

"बरं, आत ठेवतो. पण पुरावा आण, फौजदार. नुसत्या संशयावर फाशी देत नाहीत."

पुरावा! तिनं बहिणीच्या नेलपॉलिशची बाटली पळवली आणि स्टँडच्या स्क्रूवर बारीक रेघ ओढली, अशी की स्क्रू जरा फिरला तरी रेघ तुटावी. शनिवारी पाहिलं, तर रेघ शाबूत. वडिलांना बसवलं, बटण दाबलं. त्रिकोण गायब.

कुणालाही वाटेल, चला, लंबू सुटला. पण कावीळ झालेल्याला जग पिवळं. तिनं ठरवलं की लंबूनं जुनी रेघ पुसून नवी ओढलीय. त्याला बाटली कुणी दिली ते शोधायला, वर्गातल्या मुलींच्या नखांवर कुठं तो रंग दिसतोय का, हेही ती दुपारभर बघत फिरली. दोघींनी तिला मैत्री करायचीय असं समजून चहा पाजला.

शेवटी तिला डोळे आठवले. माणसाच्या बुबुळात दिव्याचं प्रतिबिंब पडतं, एक पांढरा ठिपका. बुबुळाला घड्याळाची तबकडी मानली, की ठिपका कोणत्या आकड्यावर आहे त्यावरून दिवा कुठं होता ते सांगता येतं. हे सरांनी सुरुवातीलाच शिकवलं होतं. दिवा हलवला असेल तर ठिपका सरकलाच पाहिजे. लंबू आता तोंडावर पडणार, अशा खुशीत तिनं संगणकावर पहिला फोटो मोठा केला. ठिपका दहावर. मग मधला. दहावर. मग शेवटचा.

दहावरच.

वडील प्रत्येक फोटोत थेट लेन्समध्ये बघत होते आणि ठिपका जागचा हलला नव्हता. म्हणजे दिवा सत्रभर जागेवरच होता. मग फिरलं काय? नजर न फिरवता माणूस फक्त मान फिरवू शकतो. तिनं कान बघितले. पहिल्या फोटोत दोन्ही सारखे दिसत होते. पुढं डावा थोडाथोडा मागं गेला होता आणि उजवा पुढं आला होता. शेवटच्या फोटोत सगळा उजवा कानच, ऐकायला पुढं केल्यासारखा.

तिनं जिन्यात जाऊन लंबूला सांगितलं, "तू नव्हतास."

"कळवल्याबद्दल आभारी आहे," तो म्हणाला आणि निघून गेला. चेष्टा न करता.

रविवारी तिनं वडिलांना परत बोलावलं. ते बसले, लेन्सकडे बघू लागले. ती कॅमेऱ्यामागून निघून त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहिली.

"बाबा, हनुवटी खाली," ती कुजबुजली.

काही नाही. पुन्हा म्हणाली. वडील लेन्सकडे बघतच राहिले. मग उजव्या बाजूला जाऊन त्याच आवाजात तेच म्हणाली. हनुवटी लगेच खाली आली.

"डाव्या कानाला काय झालंय?"

"मळ असेल."

"सत्रभर?"

"तू डॉक्टर कधी झालीस? काढ फोटो. उद्या सरांना दाखवायचाय ना? आता बघ, मान हलवत नाही." ती कॅमेऱ्यामागं गेली. ते ताठ बसले, मान सरळ. डाव्या गालावर त्रिकोण उगवला, हवा होता तसा, नेमका. एक बटण दाबलं की सरांच्या स्टुडिओतली जागा तिची.

तिचं बोट बटणावरच राहिलं.

"परवान्याच्या वेळी कान तपासतात ना?"

"तपासतात."

"मग?"

"मग काय? बघू तेव्हा."

"आईला माहितीय?"

"तिला कशाला घोर?"

"आणि पोरं चढतात ते दार? ते डावीकडेच आहे ना?"

"आरसे आहेत की." वडील तिच्याकडे बघून हसले. पण बघत होते ते तिच्या ओठांकडे.

तिनं बटणावरून बोट काढलं. उद्या बुबुळातले ठिपके दाखवले की सर मान डोलावतील, आणि लगेच विचारतील, मग चेहरा का फिरला? त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. ते सरांना द्यायचं की नाही, हे मात्र ठरत नव्हतं. कारण त्याआधी तिला एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती खुर्चीत बसलेल्या या एकाच माणसाला ठाऊक होती.

"बाबा," ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "आरशात न दिसणारं एखादं पोर दाराशी ओरडलं, तर तुम्हाला ऐकू येतं?"