टीपकाकांची परीक्षा

चोरीचं शिलाई मशीन विकायला येणाऱ्या माणसाला नातेवाईक फार असतात. मशीन कधीच त्याचं स्वतःचं नसतं. ते मावशीचं असतं, मेहुणीचं असतं, परदेशी गेलेल्या भावजयीचं असतं. आणि या सगळ्या बायकांना नेमकं त्याच दिवशी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, ते फुंकून टाकायची घाई झालेली असते. टीपकाकांनी तीस वर्षांत इतक्या मावश्या ऐकल्या, की त्या खऱ्या असत्या तर त्यांचं एक छोटं गाव वसलं असतं.

टीपकाका आमच्या रस्त्यावर शिलाई मशीन दुरुस्त करत. दुरुस्त झालेलं मशीन हवाली करताना "टीप मारून बघा" एवढं एकच वाक्य ते बोलत, म्हणून हे नाव. दुकान जिन्याखालचं, सहा बाय दहाचं, धूळ नको म्हणून पुढे काचेचं दार. मागच्या अर्ध्या भागात काका, डोक्यावर जिन्याच्या पायऱ्या. त्यामुळे कमरेतून वाकूनच उभं राहायचं, आणि ती सवय रस्त्यावरही गेली नाही. पुढच्या अर्ध्या भागात काकू. त्या सुया, बॉबिन, बटणं, दोऱ्याची रिळं आणि उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे विकत. बोलण्याचं खातंही त्यांच्याकडेच होतं.

काका जुनी मशीनं विकतही घेत. त्यासाठी त्यांची एक परीक्षा होती. विकायला आलेल्या माणसाला ते स्टुलावर बसवत, हातात दोरा आणि कापडाचा तुकडा देत आणि म्हणत, "चार बोटं टीप मारून दाखवा." ज्याच्या घरातलं मशीन, त्याला त्याच्या खोडी माहीत असतात. चाक पहिल्यांदा हातानेच ढकलावं लागतं, दोरा दुसऱ्या कडीतून काढला नाही तर तुटतो, असं काहीबाही. चोराला फक्त वजन माहीत असतं.

त्या वर्षी माझी थोरली बहीण, आमची ताई, जिथे कपडे शिवायला जायची तो कारखाना बंद पडला. भावोजींचं काम आधीच अर्ध्यावर आलेलं. एका संस्थेकडून दवाखान्याच्या चादरी आणि उशीचे अभ्रे घरी शिवायला मिळणार होते. अट एकच, मशीन स्वतःचं हवं. सोमवारी सकाळी संस्थेच्या बाई घरी येऊन मशीन बघणार होत्या. नसेल तर काम यादीतल्या पुढच्या बाईला. नवं मशीन घेणं ताईच्या आवाक्यात नव्हतं. काकांनी शब्द दिला होता, "चांगलं जुनं आलं की पहिलं तुला." ताई रोज दुकानात चक्कर मारायची, आणि जुनी मशीनं कुठे रुसून बसली होती कोण जाणे.

गुरुवारी एक आलं. गोणपाटात गुंडाळलेलं, जवळजवळ नवं. आणणारा माणूस तेवढा नवा वाटत नव्हता. किंमत त्याने इतकी कमी सांगितली, की चक्कर मारायला आलेली ताई पर्समधले पैसे मोजू लागली.

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

"मावशीचं."

"बसा. चार बोटं टीप मारून दाखवा."

त्याने सुईत दोरा उलट्या बाजूने ओवायला घेतला, मग सरळ बाजूने, मग सुईकडे असं पाहिलं जणू चूक तिचीच आहे. "शिवते मावशी हो. मी कशाला शिवेन?"

"मग मावशींना घेऊन या."

"मावशी आजारी आहे."

"अरेरे," काउंटरवरून काकू म्हणाल्या. "पत्ता द्या ना. आम्ही भेटायला येतो, फळं घेऊन."

त्या माणसाला एकाएकी काहीतरी आठवलं. गोणपाट खांद्यावर टाकून तो गेला. ताईने त्याच्या पाठीकडे पाहत म्हटलं, "काका, मला चाललं असतं हो."

"तुला चाललं असतं," काका म्हणाले. "पण ज्या बाईचं ते आहे, ती सकाळपासून पलंगाखाली वाकून वाकून बघत असेल."

ताई घरी परतली. चिडायचं कुणावर हेही ठरेना.

शुक्रवारी दुपारी, अगदी त्या मावशीच्या वेळेला, एक गृहस्थ आले. साठी उलटलेली, अंगात निळा शर्ट, हातात चाकांची बॅग. बॅगेतून त्यांनी चादरीत बांधलेलं मशीन काढलं. काळं, जुनं, पण असं पुसलेलं की काकांना स्वतःचं तोंड त्यात दिसलं. बटणं घ्यायला आलेल्या दोन बायका दुकानात होत्याच. काकांनी नेहमीप्रमाणे स्टूल पुढे सरकवलं.

गृहस्थ बसले. दोरा हातात घेतला. बराच वेळ मशीनकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे, मग काकांकडे. "मला नाही येत," ते म्हणाले.

"कुणाचं आहे?"

"घरातलंच."

"घरातलं म्हणजे कुणाचं?"

गृहस्थांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. गिऱ्हाइकांनी एकमेकींकडे पाहिलं. काका सवयीच्या सुरात म्हणाले, "हरकत नाही. उद्या मालकिणीला घेऊन या."

"ते आता जमायचं नाही," गृहस्थ म्हणाले. उठले, मशीनच्या अंगावरून एकदा हात फिरवला, रिकामी बॅग घेतली आणि निघून गेले. मशीन तिथेच.

"बघा," काका गिऱ्हाइकांना म्हणाले. "पकडला गेला की माल टाकून पळतो."

"पळाला कुठे?" काकू म्हणाल्या. "चालत गेला. जाताना दार ओढून घेतलं. आपलं सख्खं गिऱ्हाईक ओढत नाही."

"सभ्य चोर असेल."

"शर्टाची कॉलर बघितलीत त्याच्या?"

"मी माणसाचे हात बघतो."

"म्हणूनच." काकूंनी तुकड्यांच्या पेटीत हात घातला आणि बारीक पिवळ्या ठिपक्यांचं एक चिंधूक काउंटरवर ठेवलं. "कॉलरच्या आतली पट्टी ह्याची होती. घरी शिवलेला शर्ट आहे तो. हा तुकडा मीच विकलाय, त्या चष्मेवाल्या बाईंना. औषधाच्या दुकानावर राहतात त्या. दर महिन्याला यायच्या. आठ-नऊ महिन्यांत फिरकल्या नाहीत. मला वाटलं दुसरं दुकान धरलं. रागच आला होता मला त्यांचा."

गिऱ्हाइकं बटणं न घेताच गेली.

काकांनी ते मशीन ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे फक्त बिघडलेली मशीनं यायची, आणि हे आयुष्यात कधी बिघडलंच नव्हतं. त्यांनी ते उघडलं. आत धुळीचा कण नव्हता. त्यांनी तरीही तेल घातलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून दोघं मशीन रिक्षात घालून निघाले. औषधाच्या दुकानाचा जिना अरुंद, मशीन जड, काका आधीच वाकलेले; त्यामुळे निदान त्यांना वेगळं वाकावं लागलं नाही. दार त्याच गृहस्थांनी उघडलं. आत अर्ध्या भरलेल्या खोक्यांची रांग होती.

"तेल घातलंय," काका म्हणाले. "चाकही तपासलं. ठीक आहे."

काकूंनी पुढच्या वाक्याची वाट पाहिली, मग म्हणाल्या, "ह्यांना माफी मागायची आहे. त्यांना ते येत नाही, म्हणून मी सोबत आले."

"अहो, आत तरी या," गृहस्थ म्हणाले. त्यांनी दोघांना पाणी दिलं. मग उभ्या उभ्याच बोलले. मुलाकडे राहायला जायचं होतं, तिथे जागा नव्हती. आधी भंगारवाल्याला बोलावलं होतं. "त्याने किती किलो भरेल म्हणून विचारलं. मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला. मग तुमचं दुकान आठवलं, ती नाव काढायची. पण तुम्ही विचारलंत ते खरंच होतं हो. एकेचाळीस वर्षं हे घरात, आणि दोरा कुठून कुठे जातो ते मी कधी बघितलं नाही. कुणाचं म्हणालात, तेव्हा 'तिचं' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्या बायकांसमोर मला रडू येईल असं वाटलं."

काका चष्मा पुसू लागले. चष्मा ते फक्त कामाच्या वेळी लावत. त्या दिवशी तो खिशातून काढून पुसला आणि परत खिशात ठेवला. "चुकलं माझं," ते म्हणाले. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर हे त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं होतं.

मग काकांनी ताईची हकीकत सांगितली, सोमवारसकट. गृहस्थांनी ताईची परिस्थिती विचारली नाही, किंमत विचारली नाही. एवढंच विचारलं, "त्यांच्या घरात खिडकी आहे का?"

"असेल की."

"असेल म्हणून नाही चालायचं. मी आधी बघतो."

अशा रीतीने शनिवारी अकराच्या सुमाराला आमच्या ताईच्या दारात एक वाकलेले काका, एक बोलक्या काकू, एक अनोळखी गृहस्थ आणि एक मशीन उभं राहिलं. ताई पोळपाट हातात घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

तिच्या घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यासमोर सासरहून आलेलं लोखंडी कपाट. गृहस्थांनी खिडकीकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, भिंतीपासून तीन पावलं मोजली. "कपाट हलवावं लागेल," ते म्हणाले. "मशीन असं तिरकं. उजेड डावीकडून यायला हवा. उजवीकडून आला की हाताची सावली सुईवर पडते, आणि संध्याकाळी डोकं दुखतं. चार घरं बदलली आम्ही. प्रत्येक घरात आधी मशीनची जागा, मग पलंगाची. मशीन मीच उचलायचो. ती खिडकीत उभी राहून सांगायची, अजून थोडं, अजून थोडं."

टीपकाका उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. त्या दिवसापासून स्टुलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते टीप मारायला लावण्याआधी एक प्रश्न विचारू लागले: मशीन घरात कुठे असायचं? चोर म्हणतो, कोपऱ्यात. ज्याने ते हलवलंय, तो हवेत हात करून दाखवतो.

कपाट भावोजी आणि गृहस्थांनी मिळून ओढलं. ते दोन खोल्यांच्या मधल्या बोळात अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. मशीन खिडकीपाशी लागलं. गृहस्थ दोन पावलं मागे गेले, पुढे आले, आणि बोटभर आणखी सरकवलं. किमतीवरून पुढे बराच वाद झाला. गृहस्थ घेत नव्हते आणि ताई सोडत नव्हती. शेवटी काकूंनी मधला आकडा सांगून दोघांनाही गप्प केलं.

सोमवारी संस्थेच्या बाई आल्या, मशीन पाहिलं, एक अभ्रा शिवून घेतला, शिवण नखाने ताणून बघितली आणि पंधरा चादरींचं कापड ठेवून गेल्या. त्याला आता सहा वर्षं झाली. त्या कामावर भाची शिकली, भावोजींचं आजारपण निघालं, आणि ताईचं डोकं एकदाही दुखलेलं नाही. गृहस्थांचं मुलाच्या घरून अधूनमधून पत्र येतं. त्यात ख्यालीखुशालीच्या आधी खिडकीची चौकशी असते.

कपाट अजून बोळातच आहे. आत जाताना सगळ्यांना अंग चोरून जावं लागतं, पाहुण्यांचा खांदा हमखास आपटतो, आणि ते हलवायचं नाव घरात कुणी काढत नाही.